गुलाबी किनार खोटी नसते: जर्मन गणवेशावरील शाखारंग कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांना पुण्याच्या जुन्या बाजारात दोन जर्मन खांदापट्ट्या मिळाल्या आहेत. एक काळ्या कापडाची असून तिला फिकट गुलाबी किनार आहे, तर दुसरी गडद हिरव्या कापडाची असून तिची किनार पिवळी आहे. त्यांच्याबरोबर एक कृष्णधवल छायाचित्रही मिळाले, ज्यातील सैनिकाच्या खांद्यावरची किनार काळी दिसते. मित्रमंडळींनी त्यांना असे सांगितले की, जर्मन सैन्यात गुलाबी रंग असणे शक्य नाही, म्हणून ती पट्टी एखाद्या नाटक कंपनीची असावी; पिवळी पट्टी घोडदळाची; आणि छायाचित्रातील माणूस अभियंता दलाचा. यांपैकी पहिले विधान चूक आहे, दुसरे घाईचे आहे आणि तिसरे बहुधा चूक ठरेल. जुन्या लष्करी कपड्यांची डागडुजी आणि ओळख पटवणे हे गेली वीसेक वर्षे माझे काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, रंगाचा तक्ता पाठ असलेला माणूसच या विषयात सर्वांत आधी फसतो, कारण तो रंग आधी पाहतो आणि कापड, जागा व साल नंतर. क्रम नेमका उलटा हवा.

जर्मन भाषेत या पद्धतीला ‘वाफनफार्ब’ म्हणतात. ‘वाफ’ म्हणजे शस्त्र किंवा सैन्याची शाखा आणि ‘फार्ब’ म्हणजे रंग, म्हणून पुढे मी ‘शाखारंग’ हाच शब्द वापरतो. सैनिक पायदळाचा, तोफखान्याचा की संदेशवहन दलाचा, हे त्याच्या खांद्यावरच्या जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या किनारीवरून कळावे, हा तिचा हेतू. आपले शिंपी जिला पायपिंग म्हणतात, तीच ही किनार. १९३५ ते १९४५ या काळातील जर्मन भूदलात पायदळाला पांढरा, तोफखान्याला भडक लाल, घोडदळाला सोनपिवळा, अभियंत्यांना काळा, संदेशवहनाला लिंबू पिवळा, पुरवठा व वाहतुकीला आकाशी, डॉक्टर व शुश्रूषा पथकांना गर्द निळा, पशुवैद्यकांना किरमिजी, डोंगरी सैनिकांना पोपटीकडे झुकणारा हिरवा, लष्करी पोलिसांना नारिंगी आणि धर्मगुरूंना जांभळा, अशी साधारण वाटणी होती. जनरल मंडळी मात्र मूळच्या शाखेचा रंग सोडून लाल पार्श्वभूमीवर सोनेरी भरतकाम मिरवत. हे भरतकाम प्रशियाच्या जुन्या लारिश रेजिमेंटच्या नक्षीवरून घेतलेले आहे.

गुलाबी रंग आला तो रणगाडा दलाकडे, आणि त्यामागे एक राजकीय अडचण होती. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीचे सैन्य एक लाखावर आणले आणि रणगाडे बाळगायला पूर्ण बंदी घातली. त्या छोट्या सैन्यात, म्हणजे राइश्सवेअरमध्ये, मोटार वाहतुकीची एक दुय्यम शाखा होती आणि तिचा रंग गुलाबी होता. रणगाड्यांच्या युद्धशास्त्राचा विचार याच वाहतूक शाखेच्या आडोशाला वाढला. पुढे रणगाडा युद्धाचा प्रवर्तक म्हणून नावाजलेला हाइन्झ गुडेरिअन १९२२ मध्ये म्युनिकच्या मोटार वाहतूक तुकडीतच दाखल झाला होता. तीसच्या दशकात बंदी झुगारून रणगाडा दल उघडपणे उभे राहिले, तेव्हा माणसांबरोबर रंगही त्या शाखेतून आला. १९३४ च्या अखेरीस रणगाडा सैनिकांना काळा गणवेश मिळाला. ग्रीज आणि तेलाचे डाग दिसू नयेत हा त्यामागचा व्यवहार होता. कॉलरवरच्या काळ्या तुकड्यांवर, जुन्या हुसार घोडदळाची आठवण म्हणून, कवटीचे चिन्ह बसले आणि त्या तुकड्यांभोवती गुलाबी किनार आली. काळ्यावर गुलाबी हा मेळ आपल्याला आज लग्नाच्या पत्रिकेवरचा वाटत असला, तरी त्या काळातील जर्मन सैनिकाला तो रणगाड्याचाच वाटे. तेव्हा आपल्या मित्रांचा आक्षेप आजच्या अभिरुचीतून आलेला आहे, एवढेच त्यावर म्हणता येईल.

तरीही गुलाबी म्हणजे रणगाडाच, असा सरळ हिशेब करू नये. रणगाडाविरोधी तोफांच्या पथकांचाही रंग गुलाबीच होता. ती बहुतेक फेल्डग्राऊ, म्हणजे राखी-हिरव्या कापडाचा गणवेश घालत आणि त्यांच्या पट्टीवर ‘पी’ हे अक्षर असे. याउलट, रणगाड्यासारखीच दिसणारी, स्वतःच्या इंजिनावर चालणारी हल्लातोफ चालवणारे सैनिक तोफखान्याच्या अखत्यारीत होते, म्हणून त्यांची किनार लाल. त्यांचे जॅकेट रणगाडा सैनिकांच्याच बेताचे असले, तरी रंगाने फेल्डग्राऊ होते. छोटी मॉडेले रंगवणारे हौशी लोक इथेच हमखास चुकतात आणि हल्लातोफेच्या चालकाला काळे जॅकेट व गुलाबी किनार देऊन मोकळे होतात. दुसरीकडे, २४ व्या पांझर, म्हणजे रणगाडा, डिव्हिजनने आपल्या काळ्या गणवेशावर सोनपिवळी किनार लावली, कारण ती १ ल्या घोडदळ डिव्हिजनमधून उभी राहिली होती आणि घोडे गेले तरी रंग सोडायला ती तयार नव्हती. रणगाडा डिव्हिजनमधील अभियंत्यांची अडचण याहून मजेशीर होती. त्यांचा शाखारंग काळा आणि गणवेशही काळा, त्यामुळे किनार दिसेचना. १९४० च्या सुमारास त्यांच्यासाठी काळ्या आणि पांढऱ्या धाग्याचा पीळ दिलेली किनार मंजूर झाली. असा पीळ असलेला कॉलरचा तुकडा आज हाती लागला तर विक्रेता त्याचे दुप्पट पैसे मागतो, आणि त्याच कारणाने त्याच्या नकलाही दुपटीने होतात.

आता आपली गुलाबी पट्टी तपासण्याची रीत सांगतो. रंग प्रकाशाने उडतो, आणि शाखारंगांत गुलाबी सर्वांत लवकर उडतो. तो इतका विटतो की, पांढऱ्यासारखा वाटावा. सुरुवातीच्या काळात एका संग्राहकाच्या पेटीतील अशी पट्टी मी पायदळाची म्हणून नोंदवली होती. पुढे अस्तराचे दोन टाके सुटलेले दिसले आणि आत दडलेली किनार गुलाबाच्या पाकळीसारखी ताजी निघाली. तेव्हापासून मी बाहेरच्या रंगावर विश्वास ठेवत नाही. पट्टीच्या खालच्या बाजूची जीभ, जी गणवेशावरच्या छोट्या फंदातून आत ओवली जाई, ती हलकेच बाजूला करून पाहा. बटणाखालची जागा आणि शिवणीची आतली दुमडही पाहा. तिथे प्रकाश पोहोचलेला नसतो. याच दुमडीत धागाही कळतो. युद्धापूर्वीची किनार बहुतेक लोकरी कापडाची असते. युद्धात टंचाई वाढली तशी कृत्रिम रेशमाची वेणीदार किनार आली, तिला थोडी चमक असते. जांभळ्या प्रकाशाची बॅटरी, म्हणजे अतिनील दिवा, घेऊन जो-तो तपासत बसतो, पण तिचा निकाल अर्धाच खरा असतो. आजच्या धाग्यातील शुभ्रता वाढवणारी रसायने त्या प्रकाशात निळसर चमकतात हे खरे. मात्र अस्सल पट्टी एखाद्या आजीने नंतर साबणाच्या पावडरीत धुतली असेल, तर तीही चमकते. चमकली म्हणून टाकू नये आणि चमकली नाही म्हणून हुरळून जाऊ नये.

पिवळ्या पट्टीबद्दल घाई करू नये असे मी म्हणालो, त्याचे कारण पिवळे दोन आहेत. घोडदळाचा सोनपिवळा हळदीच्या बाजूला झुकतो आणि त्यात तांबूस छटा असते. संदेशवहनाचा पिवळा लिंबाचा, थंड आणि किंचित हिरवट असतो. नव्या कापडात हा फरक दहा फुटांवरून दिसतो, पण ऐंशी वर्षांनंतर हळद फिकी पडते, लिंबू मळते आणि दोन्ही एका रंगावर येतात. त्यातच मळलेली पांढरी किनार पिवळट पडून या गोंधळात भर घालते. त्यामुळे इथेही आतली दुमड पाहणे भाग आहे. शक्य असल्यास ती दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावी, कारण घरातील पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक पिवळा सोनपिवळाच दिसतो. तिसरी शक्यता हवाई दलाची. लुफ्टवाफमध्ये वैमानिक आणि छत्रीधारी सैनिकांचा रंग सोनपिवळा होता, विमानविरोधी तोफांचा लाल, तर संदेशवहनाचा तपकिरी. मात्र त्यांचे कापड निळसर राखी असते आणि कॉलरवरचा तुकडाच्या तुकडा शाखारंगात असतो. आपली पट्टी गडद हिरव्या कापडाची आहे, त्यामुळे हवाई दल वगळता येते. कापड आधी पाहावे असे मी का म्हणतो, ते इथे लक्षात येईल.

पट्टीवर अंक किंवा अक्षर असेल तर काम सोपे होते. साध्या सैनिकाचा रेजिमेंट क्रमांक शाखेच्याच रंगाच्या धाग्याने साखळी टाक्याने भरलेला असे, तर फेल्डवेबेल, म्हणजे साधारण सार्जंट, आणि त्यावरच्या दर्जाच्या अंमलदारांचा क्रमांक पांढऱ्या धातूचा. आपल्या पट्टीवर आज क्रमांक नसला, तरी सुईची छिद्रे उरली असतील. भिंगातून तिरप्या उजेडात पाहिले तर काढलेला अंक पुष्कळदा वाचता येतो. युद्ध सुरू झाल्यावर शत्रूला तुकडी कळू नये म्हणून हे क्रमांक झाकण्याचे किंवा काढण्याचे आदेश निघाले, त्यामुळे छिद्रे असणे हे दोष नसून उलट भरवशाचे लक्षण आहे. ‘ए’ हे अक्षर टेहळणी पथकाचे, आणि टेहळणी पथके ही शाखारंगाच्या अभ्यासकाची डोकेदुखी आहेत. मोटारीवरच्या टेहळणी पथकांनी वेगवेगळ्या वेळी गुलाबी, तांबूस तपकिरी आणि सोनपिवळा असे तिन्ही रंग लावले. नवा आदेश निघाल्यावरही गोदामातील जुना माल संपेपर्यंत जुनाच रंग लागत राहिला, आणि जुना रंग प्रिय असलेले सैनिक तर आदेशाकडे साफ कानाडोळा करीत. मोटारीवरच्या पायदळाचेही तसेच झाले. आरंभी गुलाबी, युद्धाच्या तोंडावर गवती हिरवा, आणि १९४२ मध्ये त्यांना पांझरग्रेनेडिअर हे नाव मिळाल्यावरही तोच हिरवा. म्हणून तारीख न पाहता ‘गवती हिरवा म्हणजे अमुक’ असे ठामपणे सांगणाऱ्या तक्त्यापासून सावध राहावे.

जागेचा मुद्दा इथे थोडा विस्ताराने सांगतो, कारण रंग कुठे आहे यावरून साल ठरवता येते. युद्धापूर्वी शाखारंग गणवेशावर अनेक ठिकाणी असे. खांदापट्टीच्या कडेला, समारंभाच्या गणवेशाच्या पुढच्या उघड्या कडेला आणि बाह्यांच्या पट्ट्यांवर, पुढे छज्जा असलेल्या टोपीच्या काठावर, मऊ टोपीवरच्या बिल्ल्याभोवती उलट्या ‘व्ही’च्या आकाराच्या फितीत, आणि कॉलरवरच्या जोडफितीच्या मधोमध, अशा त्या जागा. ही जोडफीत मूळची प्रशियाच्या राजरक्षक पायदळाची मानाची खूण. राइश्सवेअरच्या काळात ती साऱ्या सैन्याला मिळाली आणि शाखा सांगण्यासाठी तिच्या मध्यात रंगीत रेघ आली. पुढे कारखान्यांना प्रत्येक शाखेसाठी वेगळा कॉलर शिवणे परवडेना. १९३८ पासून साध्या सैनिकांच्या रणगणवेशावर सर्व शाखांना चालेल अशी एकच जोडफीत येऊ लागली, आधी हिरव्या रेघांची आणि मग उंदरी राखी. टोपीवरची उलट्या ‘व्ही’ची फीत १९४२ मध्ये बंद झाली. रणगाडा जॅकेटच्या कॉलरभोवतीची गुलाबी किनारही त्याच सुमारास गेली आणि ती कॉलरच्या तुकड्यांपुरतीच उरली. खांदापट्टीवरचा रंग मात्र शेवटपर्यंत टिकला, कारण पट्टी बटण काढून बदलता येते आणि तिच्यासाठी कोट उसवावा लागत नाही. खांदापट्टीचे कापडही काळ सांगते. आपल्या पिवळ्या पट्टीसारखे बाटलीच्या काचेचे गडद हिरवे कापड हे युद्धापूर्वीच्या आणि पहिल्या एक-दोन वर्षांतील चांगल्या मालाचे लक्षण आहे. पुढे पट्ट्याही फेल्डग्राऊ कापडाच्याच आल्या.

याहून जुनी वस्तू हाती लागली तर हा सगळा हिशेब गुंडाळून ठेवावा लागतो. पहिल्या महायुद्धापूर्वी प्रशियाच्या पायदळात खांदापट्टीचा रंग शाखा सांगत नसे, तर आर्मी कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजनांचा मोठा गट, सांगत असे. पहिल्या व दुसऱ्या कोअरला पांढरा, तिसऱ्या व चौथ्याला लाल, पाचव्या व सहाव्याला पिवळा, सातव्या व आठव्याला आकाशी, असा तो क्रम होता. म्हणजे १९०५ च्या निळ्या कोटावरची लाल पट्टी तोफखान्याची न निघता तिसऱ्या किंवा चौथ्या कोअरच्या पायदळाची निघू शकते.

युद्धानंतरच्या दोन्ही जर्मन सैन्यांनी हे रंग थोडे फिरवून वापरले, आणि जुन्या बाजारातील बराचसा माल खरे तर त्यांचाच असतो. १९५५ मध्ये उभ्या राहिलेल्या पश्चिम जर्मनीच्या बुंडेसवेअरमध्ये कॉलरवरचे तुकडे शाखारंगाचे असतात. रणगाडा दलाचा गुलाबी, तोफखान्याचा लाल, टेहळणीचा सोनपिवळा, अभियंत्यांचा काळा आणि संदेशवहनाचा लिंबू पिवळा हे जुनेच राहिले, तर पायदळ पांढऱ्यावरून हिरव्यावर गेले. हवाई दलात तर सगळ्यांनाच सोनपिवळा. आपल्याकडचे वाचक इथे बेरे टोपीच्या रंगाशी गल्लत करतात, कारण भारतीय सैन्यात बेरेच्या रंगावरून चिलखती दल किंवा छत्रीधारी सैनिक ओळखण्याची आपल्याला सवय आहे. बुंडेसवेअरमध्ये बेरेचा रंग ही शाखारंगाहून स्वतंत्र पद्धत आहे. रणगाडा सैनिकाची बेरे काळी आणि कॉलर गुलाबी, तोफखान्याच्या सैनिकाची बेरे पोवळ्याच्या रंगाची आणि कॉलर भडक लाल, असे दोन रंग एकाच माणसाच्या अंगावर नांदतात. १९५६ च्या पूर्व जर्मन सैन्यात मोटारीवरच्या पायदळाला पांढरा आणि रणगाड्यांना पुन्हा गुलाबीच मिळाला. सीमारक्षकांना हिरवा आणि हवाई दलाला आकाशी. तेव्हा गुलाबी किनार दिसली तर प्रश्न ‘खरी की खोटी’ हा नसून ‘तीन सैन्यांपैकी कोणाची’ हा आहे. आपल्या पट्टीचे काळे लोकरी कापड तिला वेअरमाख्तच्या, म्हणजे १९३५ ते १९४५ च्या जर्मन सैन्याच्या, रणगाडा दलाकडे नेते.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या एका वस्तूबद्दल जाता जाता सांगणे आवश्यक आहे. सुभाषचंद्र बोस यांच्या प्रयत्नांतून जर्मनीत उभी राहिलेली भारतीय तुकडी जर्मन भूदलात ९५० वी पायदळ रेजिमेंट म्हणून नोंदलेली होती. तिच्या बाहीवर केशरी, पांढऱ्या व हिरव्या पट्ट्यांवर झेपावणारा वाघ आणि वर ‘फ्रायेस इंडिएन’ ही अक्षरे असलेली ढाल होती. ही ढाल राष्ट्रीयत्व सांगते, शाखा नव्हे. शाखा पायदळ, म्हणून खांद्यावरची किनार पांढरी. वाघाच्या ढालीसोबत लाल किंवा गुलाबी किनारीच्या पट्ट्या ‘संपूर्ण संच’ म्हणून समोर आल्या, तर तो संच कोणीतरी अलीकडे जुळवलेला आहे असे समजून पाकीट खिशातच ठेवावे.

आता छायाचित्राकडे वळू. किनार काळी दिसते म्हणून माणूस अभियंता, हा तर्क कृष्णधवल चित्रात टिकत नाही. त्या काळी हौशी छायाचित्रकार पुष्कळदा ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरत. ही फिल्म लाल रंगाला आंधळी असते. तिच्यावर भडक लाल काळा उमटतो, सोनपिवळा बराच गडद येतो आणि आकाशी जवळजवळ पांढरा दिसतो. पँक्रोमॅटिक फिल्मवर हेच रंग डोळ्याला दिसतात त्याच्या बऱ्याच जवळ येतात. फिल्म कोणती होती हे पाठीमागे लिहिलेले नसले, तरी जर्मन सैनिकाच्या टोपीवरच त्याचे माप असते. टोपीवरच्या गोल बिल्ल्याचा मध्य लाल, त्याभोवती पांढरे कडे आणि बाहेर काळे. मध्य आणि बाहेरचे कडे सारखेच काळे दिसले तर फिल्मला लाल दिसत नव्हता. मध्य करडा दिसला तर दिसत होता. आयर्न क्रॉसची फीत कोटाच्या बटणफंदात असेल तर तिच्यावरूनही हेच ताडता येते, कारण तिचा मधला रुंद पट्टा लाल आणि कडा काळ्या असतात.

आपण पाठवलेल्या चित्रात बिल्ल्याचा मध्य आणि बाहेरचे कडे यांत मला काहीही फरक दिसत नाही. म्हणजे खांद्यावरची काळी किनार प्रत्यक्षात लाल असण्याची शक्यता मोठी आहे. पट्टीच्या चारही बाजूंनी रुपेरी फीत आणि मध्ये एक तारा आहे, म्हणून दर्जा फेल्डवेबेल. धातूचा क्रमांक २२ स्वच्छ वाचता येतो. युद्धापूर्वीच्या घोडदळ रेजिमेंटांचे क्रमांक अठरावर संपत, त्यामुळे सोनपिवळा रंग बाद होतो. २२ क्रमांकाची तोफखाना रेजिमेंटही होती आणि अभियंत्यांची बटालियनही, म्हणून अंक इथून पुढे मदत करीत नाही. त्यासाठी चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, डाव्या बुटाच्या टाचेकडे पाहा. तिथे जो छोटा पांढरा ठिपका आहे तो छापण्यातला दोष नाही, ती घोड्याला टोचण्यासाठी टाचेला लावतात ती घोडेस्वाराची आर आहे, आणि तिच्या वर बुटाची नळीही स्वारीच्या बुटासारखी उंच व ताठ आहे. अभियंता पायी चालत असे. त्या काळातील जर्मन तोफा मात्र बहुतांशी घोडेच ओढत होते.